‘पुट ऑफ’ वाक्यात कसं बसवायचं: ‘पुढे ढकललं’ म्हणताना होणाऱ्या चुका आणि त्या टाळायची रीत

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीतून पुण्याच्या गिऱ्हाइकाला ईमेल गेला. कास्टिंगचा माल २० तारखेला निघायचा होता, तो आता आठवडाभर उशिरा निघणार होता. ऑफिसमधल्या मुलाने लिहिलं: ‘द डिस्पॅच हॅज बीन पुट फॉरवर्ड बाय वन वीक.’ वाचणाऱ्याने अर्थ घेतला की माल आठवडाभर आधीच तयार होतोय. १३ तारखेला सकाळी पुण्याचा ट्रक गेटवर येऊन उभा राहिला. आत मोल्ड तयार होते, पण निम्म्यात धातू ओतायचाच होता. ट्रक रिकामा परत गेला आणि भाडं फाउंड्रीला भरावं लागलं.

तो मुलगा माझ्या संध्याकाळच्या इंग्रजीच्या क्लासला येतो. त्याने मला तो ईमेल मोबाईलवर दाखवला. वाक्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती. ‘हॅज बीन’ बरोबर, ‘बाय वन वीक’ बरोबर. फक्त दिशा उलटी. मी सांगितल्यावर तो म्हणाला, “मॅडम, पुढंच ढकललंय की. मग फॉरवर्डच की!”

त्याचा तर्क चुकीचा नव्हता, भाषा वेगळी होती. आपण मराठीत ‘पुढे ढकललं’ म्हणतो. कन्नडमध्ये ‘मुंदूडु’, आणि बोलताना ‘मुंदक्के हाकु’, म्हणजे शब्दशः ‘पुढे टाक’. कॉलेजच्या फळ्यावर ‘परीक्षेगळन्नु मुंदूडलागिदे’ अशी नोटीस आपण कितीदा वाचली आहे. घरात मराठी, ऑफिसात कन्नड, आणि दोन्ही भाषा तारखेला एकाच बाजूला ढकलतात. इंग्रजीत मात्र ‘फॉरवर्ड’ केलेली तारीख अलीकडे येते. म्हणून बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या मुलांची ही चूक एकदा सांगून जात नाही. तिच्यासाठी लिहिण्याची रीतच बदलावी लागते. खाली दिलेला क्रम मी क्लासमध्ये वापरते. टप्पे याच क्रमाने घ्या. पहिला टप्पा चुकला, तर पुढचं सगळं बरोबर येऊनही ट्रक चुकीच्या दिवशीच येणार.

## तयारी: इंग्रजीला हात लावण्याआधी

वहीत किंवा मोबाईलवर चार गोष्टी मराठीतच लिहा.

1. काय ढकललं? मीटिंग, लग्न, पेपर, डिस्पॅच, की एखादं काम?
2. आधी कधी ठरलं होतं?
3. आता कधी? तारीख ठरली नसेल तर ‘ठरली नाही’ असं स्पष्ट लिहा.
4. कोणी ढकललं, आणि ते सांगायचं आहे का?

या चार ओळी लिहिताना एक पथ्य पाळा: ‘पुढे’ हा शब्द वापरायचा नाही. ‘मीटिंग पुढे ढकलली’ ऐवजी ‘मीटिंग उशिरा होणार’ असं लिहा. गंमत म्हणून सांगत नाही. ‘पुढे’ डोक्यातून गेला की ‘फॉरवर्ड’ सुचतच नाही. नियम पाठ करून जे झालं नव्हतं ते या एका सवयीने झालेलं मी पाहिलं आहे.

## टप्पा १: नक्की काय झालं ते ठरवा

मराठीत आपण ‘पुढे गेलं’, ‘पुढे ढकललं’, ‘राहिलं’ असे शब्द सहज एकमेकांच्या जागी वापरतो. इंग्रजीत चार वेगळ्या घटनांना चार वेगळी क्रियापदं आहेत.

ठरलेलं उशिरा होणार असेल, तर ‘पुट ऑफ’.

ठरलेलं होणारच नसेल, तर ‘कॉल ऑफ’. साखरपुडा मोडला असेल आणि तुम्ही ‘द एंगेजमेंट हॅज बीन पुट ऑफ’ लिहिलंत, तर पाहुणे नव्या तारखेची वाट बघत बसतील. उलट लग्न फक्त महिनाभर लांबलं असताना ‘कॉल्ड ऑफ’ लिहिलं, तर नातेवाइकांत काय गोंधळ उडेल ते सांगायला नको.

ठरलेलं आधीच होणार असेल, तर ‘ब्रिंग फॉरवर्ड’. आपल्याकडे यासाठी ‘प्रीपोन’ हा शब्द चालतो आणि भारतात सगळ्यांना कळतो. पण परदेशी गिऱ्हाईक असेल तर ‘ब्रॉट फॉरवर्ड’च लिहा, कारण ‘प्रीपोन’ तिकडे बऱ्याच जणांनी ऐकलेलाच नसतो. ‘पुट फॉरवर्ड’चाही हा एक अर्थ आहे, आणि दुसरा ‘सूचना मांडणे’ असा. ‘उशिरा’ हा अर्थ त्या जोडीला नाही.

ठरलेलं ठरल्याप्रमाणे पार पडलं असेल, तर ‘गो अहेड’. इथेही एक खड्डा आहे. ‘पेपर पुढे गेला’ याचं भाषांतर मुलं ‘द एक्झाम वेंट अहेड’ असं करतात. त्याचा अर्थ होतो की पेपर ठरल्या दिवशी झाला. ‘द मॅच वेंट अहेड इन स्पाइट ऑफ द रेन’ म्हणजे पाऊस असूनही मॅच झाली.

तपासा: मराठी ओळीच्या शेजारी ‘उशिरा’, ‘रद्द’, ‘आधी’ किंवा ‘ठरल्याप्रमाणे’ यांपैकी एकच शब्द लिहा. ‘उशिरा’ असेल तरच पुढे वाचा.

## टप्पा २: रूप आणि स्पेलिंग

हा भाग छोटा आहे, पण एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या मुलांचे मार्क इथे जातात.

‘पुट’ची तिन्ही रूपं एकच: पुट, पुट, पुट. ‘पुटेड’ असा शब्द नाही. म्हणून ‘ही पुट ऑफ द वेडिंग’ हे वाक्य भूतकाळाचं आहे. वर्तमानकाळ असता तर ‘ही’नंतर ‘पुट्स’ आलं असतं. मुलांना हे वाक्य चुकलेलं वाटतं आणि ती शेवटी एस लावून अर्थ बदलून टाकतात.

‘पुटिंग’मध्ये दोन टी: पी-यू-टी-टी-आय-एन-जी.

‘ऑफ’मध्ये दोन एफ. एक एफ राहिला तर तो ‘ऑव्ह’ असा उच्चार असलेला दुसराच शब्द होतो. मोबाईलचा स्पेलचेक बहुतेक वेळा ते पकडत नाही, कारण तोही शब्द खराच आहे. त्यामुळे हे डोळ्यांनीच तपासावं लागतं.

उच्चाराचं एकच सांगते. कट आणि बट यांच्यासारखं स्पेलिंग दिसतं म्हणून काही जण ‘पट’ म्हणतात. ‘फुट’सारखं ‘पुट’ म्हणा. बोलताना जोर ‘ऑफ’वर द्या.

## टप्पा ३: ज्याला ढकललं ते कुठे बसवायचं

सगळ्यात जास्त चुका या टप्प्यात होतात, म्हणून इथे घाई करू नका.

कागदाच्या चार चिठ्ठ्या करा. एकीवर ‘पुट’, दुसरीवर ‘ऑफ’, तिसरीवर ‘द मीटिंग’, चौथीवर ‘इट’ लिहा. टेबलावर ‘पुट’ आणि ‘ऑफ’ या चिठ्ठ्या मधे चार बोटं जागा सोडून ठेवा. ती जागा महत्त्वाची आहे.

आता ‘द मीटिंग’ची चिठ्ठी घ्या. ती ‘ऑफ’च्या नंतर ठेवा: ‘वुई पुट ऑफ द मीटिंग.’ बरोबर. आता तीच उचलून मधल्या जागेत ठेवा: ‘वुई पुट द मीटिंग ऑफ.’ हेही बरोबर. दोन्हींचा अर्थ एकच.

मग ‘इट’ची चिठ्ठी घ्या. हिला एकच जागा आहे, मधली: ‘वुई पुट इट ऑफ.’ ‘वुई पुट ऑफ इट’ हे चूक.

‘इट’सारखीच वागणारी बाकीची मंडळी: देम, हिम, हर, मी, अस, यू. ‘दिस’ आणि ‘दॅट’ एकटे आले तर त्यांनाही मधेच बसवा: ‘कॅन वुई पुट दॅट ऑफ?’

ही चूक आपल्याकडे इतकी का होते, यावर मी बराच विचार केला. मराठीचा दोष इथे नाही. ‘ते पुढे ढकल’ म्हणताना आपण ‘ते’ आधीच घेतो. दोष पाठांतराचा आहे. गाईडमध्ये ‘पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणे’ अशी यादी असते आणि मुलं ती दोन शब्दांची जोडी एकाच शब्दासारखी पाठ करतात. मग ती जोडी तोडायला हात धजत नाही. चिठ्ठ्या मांडायला लावते ते त्यासाठीच. मधली जागा डोळ्यांना दिसली की हात सैल होतो. बेळगावच्या शहापूरमध्ये विणकाम करणाऱ्या घरातली एक मुलगी मला म्हणाली होती, “मॅडम, मागात धोटा मधनंच जातोय, तसंच हे.” त्यानंतर ‘पुट ऑफ इट’ मी तिच्या वहीत पाहिलं नाही.

नाम लांबलचक असेल तर मात्र मधे कोंबू नका. ‘वुई पुट द मीटिंग विथ द पॅरेंट्स ऑव्ह द टेन्थ स्टँडर्ड स्टुडंट्स ऑफ’ हे वाक्य बघा. ‘ऑफ’ येईपर्यंत वाचणारा ‘पुट’ विसरलेला असतो. इथे ‘वुई पुट ऑफ द मीटिंग विथ द पॅरेंट्स’ अशी जोडी एकत्र ठेवा.

प्रश्नात आणि नकारातही ‘इट’ची जागा तीच राहते: ‘व्हाय डिड यू पुट इट ऑफ?’, ‘प्लीज डोन्ट पुट इट ऑफ.’

इशारा: आधीच्या वाक्यात ‘मीटिंग’ आली असेल आणि या वाक्यात ‘इट’ वापरताय, तर वाक्य पुन्हा एकदा बघा. चूक बहुतेक वेळा दुसऱ्या वाक्यात होते. पहिलं लिहिताना सगळे सावध असतात.

## टप्पा ४: पुढे क्रियापद आलं तर

वस्तूऐवजी एखादं काम ढकललं असेल, तर ‘ऑफ’नंतर क्रियापदाचं आयएनजी रूप येतं.

‘मी डेंटिस्टकडे जायचं पुढे ढकललं’ याचं ‘आय पुट ऑफ टू गो टू द डेंटिस्ट’ असं भाषांतर मी जवळजवळ प्रत्येक नव्या बॅचमध्ये वाचते. ‘जायचं’मधला ‘-यचं’ कानाला ‘टू’सारखा वाटतो, म्हणून असं होतं. बरोबर वाक्य: ‘आय पुट ऑफ गोइंग टू द डेंटिस्ट.’ इथला दुसरा ‘टू’ डेंटिस्टचा आहे, तो राहू द्या.

आणखी दोन वाक्यं बघा. ‘ट्रॅक्टरचा इन्शुरन्स भरायचं राहतच गेलं’: ‘वुई केप्ट पुटिंग ऑफ पेइंग द ट्रॅक्टर इन्शुरन्स.’ ‘तिला सांगायचं मी टाळत राहिलो’: ‘आय केप्ट पुटिंग ऑफ टेलिंग हर.’ आयएनजी दोनदा आलं म्हणून घाबरू नका. ‘केप्ट’नंतर एक हवं आणि ‘ऑफ’नंतर दुसरं हवं.

आयएनजी रूप मधल्या जागेत बसत नाही. ते नेहमी ‘ऑफ’च्या नंतर.

## टप्पा ५: तारीख

फाउंड्रीच्या ईमेलमध्ये ‘फॉरवर्ड’ चुकीचा होताच. पण त्यात २७ तारीख लिहिलेली असती, तर ट्रक १३ ला आला नसता. वाचणाऱ्याने फोन करून विचारलं असतं. म्हणून माझा आग्रह आहे: किती दिवसांनी ढकललं एवढंच सांगू नका, नवी तारीख लिहा.

नव्या तारखेसाठी ‘टिल’ किंवा ‘अन्टिल’: ‘द मीटिंग हॅज बीन पुट ऑफ टिल मंडे.’ मराठीत ‘सोमवारपर्यंत’ म्हटलं की सोमवारपर्यंत चालणारं काहीतरी डोळ्यांपुढे येतं, म्हणून मुलं ‘टिल’ वापरायला बिचकतात. इथे ‘टिल मंडे’ म्हणजे नवा दिवस सोमवार. स्पेलिंगही लक्षात ठेवा: ‘टिल’मध्ये दोन एल, ‘अन्टिल’मध्ये एकच.

किती काळ ते सांगायचं असेल तर ‘फॉर’: ‘वुई पुट द वेडिंग ऑफ फॉर अ मन्थ.’ हे घरगुती बोलण्यात ठीक आहे. ज्याच्या आधारावर कोणी प्रवास करणार आहे, गाडी पाठवणार आहे किंवा रजा टाकणार आहे, तिथे तारीखच हवी.

तारीख ठरली नसेल तर ‘अन्टिल फर्दर नोटीस’ लिहा. वाक्य अर्धवट सोडू नका.

‘नेक्स्ट फ्रायडे’ टाळा. बुधवारी लिहिताना ‘नेक्स्ट फ्रायडे’ म्हणजे परवाचा शुक्रवार की पुढच्या आठवड्यातला, यावर इंग्रजी बोलणाऱ्यांचंही एकमत नसतं.

तपासा: तयारीच्या वहीतली तिसरी ओळ आणि इंग्रजी वाक्यातली तारीख शेजारी ठेवून बघा. नवी तारीख जुन्या तारखेच्या नंतरची आहे ना?

## टप्पा ६: कोणी ढकललं ते सांगायचं नसेल

आपल्याकडे ‘पेपर पुढे ढकललाय’ एवढंच म्हणतात. कोणी ढकलला ते कोणी विचारत नाही. इंग्रजीत अशा वाक्याला ‘बीन’ किंवा ‘वॉज’ लागतं.

‘द एक्झाम हॅज बीन पुट ऑफ.’ बातमी आत्ताची आहे, कधी ठरलं ते सांगितलेलं नाही.

‘द एक्झाम वॉज पुट ऑफ येस्टरडे.’ ठरल्याचा दिवस सांगितला आहे, म्हणून ‘वॉज’.

‘हॅज बीन पुट ऑफ येस्टरडे’ हे मिश्रण चूक आहे. ‘काल’ आला की ‘हॅज’ गेला.

‘द एक्झाम पुट ऑफ’ एवढंच लिहायची सवय इंग्रजी पेपरच्या हेडलाईनमधून लागते. हेडलाईनमध्ये जागा वाचवायला ‘इज’ आणि ‘बीन’ गाळतात. तुमच्या ईमेलला जागेची अडचण नाही. ते शब्द लिहा.

## टप्पा ७: माणूस आला की अर्थ बदलतो

या टप्प्यावर मी वर्गात एक अख्खा तास देते, कारण इथे व्याकरण बरोबर असूनही माणसं दुखावतात.

‘पुट’ आणि ‘ऑफ’च्या मधे माणूस बसला की तीन अर्थ निघू शकतात.

पहिला अर्थ, मन उडणं किंवा नकोसं वाटणं. कोणी एका बसणीत अर्धा किलो कुंदा, म्हणजे आपली बेळगावची दुधाची मिठाई, खाल्ला आणि त्यानंतर त्याला कुंद्याचं नावही नको झालं: ‘दॅट पुट हिम ऑफ कुंदा.’ इथे ‘ऑफ’नंतर ती नकोशी झालेली वस्तू येते. ‘द स्मेल पुट मी ऑफ’ म्हणजे त्या वासाने मला कसंतरीच झालं. याच अर्थाने धीर देताना म्हणतात, ‘डोन्ट बी पुट ऑफ बाय हिज लाऊड व्हॉइस.’ म्हणजे त्याचा आवाज मोठा आहे म्हणून बिचकू नको. या अर्थाचं विशेषण ‘ऑफ-पुटिंग’, आणि त्यात शब्दांचा क्रम उलटतो.

दुसरा, लक्ष विचलित होणं. मुलगी कॅरमचा स्ट्रायकर मारणार तेवढ्यात कोणी मोठ्याने हसलं: ‘यू पुट मी ऑफ.’ ब्रिटिश इंग्रजीत हा वापर जास्त आहे.

तिसरा अर्थ आपल्या फार ओळखीचा, टोलवणं. जमिनीच्या उताऱ्यासाठी एका कचेरीत मी स्वतः तीन महिने हेलपाटे घातले. आज साहेब नाहीत, उद्या सर्व्हर नाही, परवा या. याला इंग्रजीत म्हणतात: ‘दे केप्ट पुटिंग मी ऑफ.’ पुढे ढकलण्याचाच अर्थ इथे माणसाला लागू झाला आहे.

अडचण येते ती पाहुण्यांच्या बाबतीत. एका मुलाने बेंगळुरूच्या मामेभावाला लिहिलं: ‘वुई हॅव पुट यू ऑफ टिल संडे.’ म्हणायचं एवढंच होतं की तुमचं येणं रविवारवर गेलं. वाक्य चूक नाही, पण वाचताना झटकून टाकल्यासारखं वाटतं. अशा वेळी माणसाऐवजी त्याचं येणं ढकला: ‘वुई हॅव टू पुट ऑफ युअर व्हिजिट टिल संडे. सॉरी.’

इशारा: ‘पुट’ आणि ‘ऑफ’च्या मधे ‘यू’ येत असेल तर थांबा. ‘युअर व्हिजिट’, ‘युअर इंटरव्ह्यू’ किंवा ‘अवर मीटिंग’ लिहिता येतं का ते बघा.

## टप्पा ८: कुठे वापरायचं नाही

चपला आणि कपड्यांसाठी नाही. ‘पुट ऑन’ म्हणजे घालणे, म्हणून ‘पुट ऑफ’ म्हणजे काढणे असं वाटतं. देवळांबाहेरच्या पाट्यांवरही हे वाचायला मिळतं. कपडे, चपला, चष्मा काढायला ‘टेक ऑफ’: ‘प्लीज टेक ऑफ युअर फुटवेअर हिअर.’ तुमच्या गावच्या देवळाची पाटी नव्याने रंगवायची असेल तर पेंटरला हे वाक्य लिहून द्या.

दिवा आणि पंख्यासाठी नाही. जुन्या इंग्रजीत ‘पुट ऑफ द लाइट’ चालत होतं आणि आपल्याकडे अजून बोललं जातं, पण आज लिहिताना ‘स्विच ऑफ’ किंवा ‘टर्न ऑफ’ लिहा.

कोर्टाच्या कागदात नाही. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्यामुळे ‘सुनावणी पुढे ढकलली’ हे वाक्य आपल्या घराघरात बोललं जातं. गप्पांमध्ये ‘द हिअरिंग हॅज बीन पुट ऑफ अगेन’ म्हटलं तर काही बिघडत नाही. वकिलाला किंवा कोर्टाला लिहिताना शब्द आहे ‘अ‍ॅडजर्न्ड’.

अर्जात शक्यतो नाही. प्रिन्सिपॉलला किंवा बँक मॅनेजरला लिहिताना ‘पोस्टपोन’ शोभतो. ‘पुट ऑफ’ हा बोलण्यातला शब्द आहे. त्याला अनेकदा चालढकलीचा वासही येतो. ‘आय पुट ऑफ युअर वर्क’ असं साहेबांना लिहिलं, तर ‘तुमचं काम मी टाळलं’ असंच त्यांना वाटेल. कारण देऊन लिहा: ‘आय हॅड टू पोस्टपोन द वर्क बिकॉज द मशीन वॉज अंडर रिपेअर.’ ‘पोस्टपोन’ला मधली जागा नसते, म्हणून तिथे ‘इट’ शेवटी येतं: ‘पोस्टपोन इट.’ चिठ्ठ्यांचा सराव झालेली मुलं सवयीने ‘इट’ आधी घेतात, तेवढं सांभाळा.

## सराव: चुकलेली वाक्यं दुरुस्त करा

ही सगळी मुलांच्या वह्यांत वेळोवेळी आलेली चुकांची धाटणी आहे. उत्तर झाकून आधी स्वतः करा.

1. ‘द प्रॅक्टिकल इज पुट फॉरवर्ड टू थर्सडे.’ पेपर उशिरा आहे. उत्तर: ‘द प्रॅक्टिकल हॅज बीन पुट ऑफ टिल थर्सडे.’
2. ‘आय हॅव अ मेडिकल टेस्ट बट आय पुट ऑफ इट.’ उत्तर: ‘आय हॅड अ मेडिकल टेस्ट बट आय पुट इट ऑफ.’ इथे काळही बदलला, बघा.
3. ‘ही पुटेड ऑफ द हाऊसवॉर्मिंग.’ उत्तर: ‘ही पुट ऑफ द हाऊसवॉर्मिंग.’
4. ‘डोन्ट पुट ऑफ टू अप्लाय फॉर द स्कॉलरशिप.’ उत्तर: ‘डोन्ट पुट ऑफ अप्लाइंग फॉर द स्कॉलरशिप.’
5. ‘द ग्रामसभा हॅज बीन पुट ऑफ लास्ट वीक.’ उत्तर: ‘द ग्रामसभा वॉज पुट ऑफ लास्ट वीक.’
6. ‘पुट ऑफ युअर शूज.’ उत्तर: ‘टेक ऑफ युअर शूज.’
7. ‘द ट्रिप टू गोकाक फॉल्स वेंट अहेड, सो वुई स्टेड होम.’ सहल लांबली म्हणून घरी राहिलो, असं म्हणायचं आहे. उत्तर: ‘द ट्रिप टू गोकाक फॉल्स वॉज पुट ऑफ, सो वुई स्टेड होम.’

सातपैकी दुसरं आणि चौथं चुकलं तर टप्पा ३ आणि ४ चिठ्ठ्या घेऊन परत करा. पहिलं किंवा सातवं चुकलं तर तयारीपासून सुरुवात करा. ‘पुढे’ अजून डोक्यातून गेलेला नाही.

फाउंड्रीतल्या मुलाने तोच ईमेल माझ्यासमोर परत लिहिला. आधी वहीत चार ओळी: डिस्पॅच, २० तारीख, २७ तारीख, कोणी ढकललं ते सांगायची गरज नाही. शेजारी एक शब्द, ‘उशिरा’. मग इंग्रजी: ‘द डिस्पॅच प्लॅन्ड फॉर द ट्वेंटिएथ हॅज बीन पुट ऑफ टिल द ट्वेंटी-सेव्हन्थ. प्लीज सेंड द ट्रक ऑन द ट्वेंटी-सेव्हन्थ.’ दुसरं वाक्य मी सांगितलं नव्हतं. ते त्याने स्वतःहून घातलं.